फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो? आधी तो कधी उडतो ते लिहून ठेवा

नवा फ्यूज घातला की चार दिवस सगळं सुरळीत. पाचव्या दिवशी हॉर्न गप्प, इंडिकेटर बंद, ब्रेक लाइट गायब. साइड कव्हर उघडावं तर फ्यूजची काच काळी. पुन्हा नवा फ्यूज, पुन्हा चार दिवस. जुनी मोटरसायकल वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी सोसलेलं असतं. आमच्या घरच्या गाडीने दोन पावसाळे आम्हाला असं छळलं. शेवटी दोष सापडला. एक नव्हे, दोन सापडले, आणि दोन्ही मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत आला. त्याआधी नवी बॅटरी, नवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि नवा हॉर्न यांवर गेले ते पैसे वेगळेच. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २००१ सालची, शंभर सीसीची, चार स्ट्रोक, किक मारून चालू होणारी. बाबांनी नवी घेतली होती. आम्ही चिपळूणचे, म्हणजे जून ते सप्टेंबर गाडी ओलीचिंब आणि उरलेले महिने धुळीत. बनवणाऱ्याला दोष द्यायचं काही कारण नाही. वीस-बावीस पावसाळे काढलेल्या तांब्याच्या तारेचा आणि मधल्या काळात तिच्यावरून फिरलेल्या हातांचा हा हिशेब आहे.

उडालेला फ्यूज फेकू नका

आधी तो उजेडात धरून बघा. काचेच्या नळीचा फ्यूज असेल तर आतली तार कशी तुटली यावरून बरंच कळतं. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली आहे, तारेचा मागमूस नाही, तर थेट शॉर्ट. प्लसची वायर कुठेतरी चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली. काच स्वच्छ आहे आणि तार मधोमध लोंबून तुटली आहे, तर करंट हळूहळू जास्त जात होता. कुणी मोठ्या वॅटचे बल्ब लावले असतील, जास्तीचा हॉर्न लावला असेल. आणि तार टोकाला, टोपीजवळ सुटली असेल, टोपी तापून काळपट झाली असेल, तर दोष बहुधा फ्यूजच्या घरातच आहे. होल्डरमधली पकड सैल पडली की त्या सैल जागी उष्णता तयार होते आणि फ्यूज करंटने नव्हे, तापून जातो. असा होल्डर थोडक्या पैशांत मिळतो. तो बदला आणि मगच पुढे जा.

आमचे सगळे फ्यूज आतून काळे होते. म्हणजे शॉर्टच.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा वायरीतले चार धागे पिळून घालू नका. आमच्या गाडीला एका गॅरेजमध्ये असे धागे घातले गेले. "आता नाही उडणार," असं सांगून गाडी हातात दिली. फ्यूज खरंच उडाला नाही. कुंभार्ली घाट चढताना, पोफळी गाव मागे पडल्यावर, टाकीखालून धूर यायला लागला. टाकीत पेट्रोल, आणि तिच्या खाली वितळणारं प्लास्टिक. मी गाडी कडेला घेऊन बॅटरीची वायर हाताने उपटून काढली. बोटं भाजली, गाडी वाचली. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. तोच काढून घेतला की जळायची पाळी वायरीवर येते.

मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं हाही त्यातलाच प्रकार. जरा हिशेब करून बघा. दोन इंडिकेटर १०-१० वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टवर १.७ अँपिअर. ब्रेक लाइट २१ वॅटचा असला तरी पावणेदोन. हॉर्न दीड-दोन. सगळं एकाच वेळी चालू केलं तरी साडेपाचच्या पुढे जात नाही. ज्या गाडीला ७ अँपिअरचा फ्यूज दिलाय तिला तो पुरतो म्हणूनच दिलाय. तो पुरत नसेल तर वायरिंगमध्ये काहीतरी चुकतंय, आणि १५चा घातल्याने ते सुधारत नाही.

काय बंद पडलं आणि काय चालू राहिलं

दुरुस्तीला हात घालण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. हिरो होंडाच्या सीडी १०० किंवा स्प्लेंडरच्या घडणीच्या जुन्या गाड्यांत वीज एकाच वाटेने जात नाही. स्पार्कसाठी मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागात, स्वतंत्र कॉइल असते, तिचा करंट सीडीआयकडे, म्हणजे स्पार्क देणाऱ्या डबीकडे, जातो. हेडलाइटसाठी मॅग्नेटमधली दुसरी कॉइल, तिचा एसी करंट थेट दिव्याकडे. म्हणूनच या गाड्यांचा हेडलाइट इंजिन बंद असताना लागत नाही आणि रेस दिली की वाढतो. बॅटरीवर चालतात ते फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा दिवा अशी मोजकी कामं. फ्यूज फक्त या बॅटरीच्या वाटेवर बसवलेला असतो.

आता याचा अर्थ बघा. फ्यूज उडाला तरी अशी गाडी बंद पडत नाही, हेडलाइटही लागतो. उलट गाडी चालता चालता बंद पडत असेल, तर बॅटरी आणि फ्यूज बदलून काहीच होणार नाही. तो दोष दुसऱ्या वाटेवरचा आहे. आमच्याकडे बॅटरी बदलली गेली तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

जुन्या बुलेटचं वेगळं. पॉइंट (मिटून-उघडून स्पार्क घडवणारा स्विच) आणि कंडेन्सर असलेल्या बुलेटमध्ये स्पार्कही बॅटरीवरूनच येतो, त्यामुळे प्लसची वायर सुटली की इंजिनच बंद. पण त्या गाडीला हेडलाइटच्या वर अ‍ॅमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, दिलेला आहे आणि तो तपासणीच्या मल्टिमीटरइतकाच उपयोगी आहे. किल्ली फिरवा आणि किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की सुई उणे बाजूला सरकते, उघडले की परत येते. सुई अशी हलत असेल तर करंट पॉइंटपर्यंत पोचतोय. मुळीच हलली नाही तर वाटेत वायर तुटली आहे किंवा पॉइंट मिटतच नाहीत. आणि किल्ली फिरवताच सुई उणे टोकाला जाऊन आपटली तर शॉर्ट आहे, लगेच किल्ली बंद करा.

वही

येऊन-जाऊन असणारा दोष गॅरेजमध्ये कधीच दिसत नाही. गाडी तिथे नेली की शहाण्यासारखी वागते. म्हणून मी एक छोटी वही केली आणि फ्यूज उडाला की तिथल्या तिथे चार गोष्टी लिहायला लागलो. गाडी काय करत होती, पाऊस होता का, कोणतं बटण दाबलं होतं, मागे कुणी बसलं होतं का. दीड महिन्यात सात नोंदी झाल्या. त्यातल्या चार अशा:

"पाऊस. बहादूरशेख नाक्यावर गर्दीतून गाडी पूर्ण उजवीकडे वळवली."
"पाऊस नाही. अंगणात गाडी वळवून लावताना."
"पेट्रोल पंपावर, मागे घेताना."
"आई मागे. उतारावर ब्रेक."

सातही नोंदी ओळीने वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. चार वेळा हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं होतं. उरलेल्या तिन्ही वेळा आई मागे बसलेली होती आणि मी ब्रेक दाबला होता. पाऊस कधी होता, कधी नव्हता. मी दोन वर्षं पावसाला दोष देत होतो. खरं तर हे दोन वेगवेगळे शॉर्ट होते. एकाची दुरुस्ती झाली असती तरी दुसऱ्याने फ्यूज उडतच राहिला असता, आणि मी म्हटलं असतं की दुरुस्ती फसली.

माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे. वायरिंगला हात लावण्याआधी निदान पाच-सहा नोंदी करा. नोंदी करायला पैसे लागत नाहीत, आणि त्या नोंदीच तुम्हाला दोषाच्या जागेपर्यंत नेतात.

फ्यूजच्या जागी बल्ब

आमच्या वाडीत एक काका आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "फ्यूज जाळत बसू नकोस रे. त्या जागी बल्ब लाव. फ्यूज एकदाच सांगतो आणि मरतो. बल्ब दिवसभर सांगत राहील."

करायचं असं. १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेक लाइटचा साधा बल्ब घ्या. एलईडी नको, तारेचाच हवा. होल्डरला हातभर लांब दोन वायरी लावा, टोकांना चिमट्याच्या क्लिपा. फ्यूज काढा आणि फ्यूज जिथे बसतो त्या दोन टोकांना या क्लिपा लावा. आता बॅटरीतला सगळा करंट बल्बमधूनच जाणार. किल्ली चालू करा, बाकी सगळं बंद ठेवा. शॉर्ट नसेल तर बल्ब लागत नाही, न्यूट्रलच्या दिव्यापुरता करंट त्याला पेटवायला पुरत नाही. शॉर्ट झाला की सगळे १२ व्होल्ट बल्बलाच मिळतात आणि तो भक्कन लागतो. कितीही शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जात नाही, म्हणून वायर जळत नाही. हॉर्न किंवा इंडिकेटर दाबला की बल्ब थोडा मंद लागेल, ते ठीक आहे. शॉर्ट ओळखायचा तो पूर्ण उजेडावरून.

संध्याकाळी, थोडा काळोख पडल्यावर हे करा, बल्ब नीट दिसतो. गाडी मुख्य स्टँडवर घेतली, बल्ब सीटवर ठेवला आणि हँडल डावीकडे वळवलं. काही नाही. सरळ केलं, काही नाही. उजवीकडे शेवटपर्यंत नेलं आणि बल्ब पूर्ण उजेडात लागला. हँडल दोन बोटं मागे आणलं, बल्ब विझला. पुन्हा पुढे, पुन्हा लागला. दोन वर्षं जे हाताला लागत नव्हतं ते डोळ्यांसमोर लागत-विझत होतं. मी आणि काका नुसते बघत राहिलो.

आता कुठल्या वायरीत, ते शोधायचं. हेडलाइटच्या आतमध्ये पुढच्या वायरिंगचे सगळे कप्लर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे खटके) एकत्र आलेले असतात. हँडल बल्ब लागलेल्या जागी धरून ठेवायचं आणि किल्लीचा वगळून एकेक कप्लर सोडवत जायचं. ज्याला सोडवल्यावर बल्ब विझतो, शॉर्ट त्या फांदीवर. सोडवण्याआधी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा. आमच्याकडे किल्लीचा वगळून बाकी सगळे कप्लर सोडवूनही बल्ब लागलेलाच राहिला. म्हणजे शॉर्ट हेडलाइटच्या मागे, टाकी आणि हँडलच्या मधल्या भागात.

टाकी काढली. काढताना पेट्रोलचा कॉक बंद करा, नळी सोडवा, टाकी गाडीपासून दूर नेऊन ठेवा. इथे बॅटरीचा चिमटाही सोडून ठेवलेला बरा, आधी मायनस, मग प्लस. चासीच्या मानेपाशी, जिथून मेन वायरिंग हँडलकडे वळतं, तिथली टेप ब्लेडने उभी कापली. काळ्या वायरीच्या स्लीव्हला (वरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) एके ठिकाणी तिळाएवढं भोक पडलं होतं आणि आतला तांब्याचा एकच धागा लखलखीत चमकत होता. बरोबर समोर, मानेच्या कडेवर, तेवढ्याच आकाराचा रंग उडून लोखंड पांढरं झालं होतं. हँडल उजवीकडे गेलं की वायरिंग ताणलं जायचं आणि तीळ त्या ठिपक्यावर टेकायचा. मूळ गाडीत वायरिंगला मानेपासून लांब धरणारी पत्र्याची पट्टी असते. ती आमच्या गाडीला नव्हतीच. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत काढली आणि परत लावली नाही.

रंगांची थोडी ओळख असली तर हे काम निम्मं सोपं होतं. होंडाच्या घडणीच्या गाड्यांत हिरवी म्हणजे अर्थिंग (चासीला जोडलेली मायनसची वायर), लाल म्हणजे बॅटरीचा प्लस, काळी म्हणजे किल्लीनंतरचा प्लस, हिरवी-पिवळी ब्रेक लाइटची, फिकी निळी उजव्या इंडिकेटरची, नारिंगी डाव्या. काळी-पांढरी ही इंजिन बंद करणारी वायर, तिच्याकडे मी पुढे येतो. जुन्या गाडीत मध्ये कुणी कुठल्याही रंगाची वायर जोडलेली असू शकते. म्हणून रंगावरून अंदाज करा, खात्री मात्र मीटरने करा.

आईला मागे बसवलं

दुसरा शॉर्ट राहिला होता. आई मागे बसली आणि ब्रेक दाबला की उडणारा. इथे काकांनी एक गोष्ट आधी करायला लावली, ब्रेक लाइटचा बल्ब काढून घ्यायला सांगितला. तो तसाच ठेवला असता तर ब्रेक दाबल्यावर आमचा तपासणीचा बल्बही मंद लागला असता आणि शॉर्ट आहे की नाही हे कळलं नसतं. आता ब्रेक दाबला तरी काहीच लागायला नको.

किल्ली चालू केली, ब्रेकचा पायडल दोरीने बांधून ठेवला. बल्ब विझलेला. आईला म्हटलं, जरा मागे बस. तिला काही कळेना, पण पदर खोचून बसली. बसताक्षणी बल्ब लागला. "उठ," म्हटलं, विझला. "बस," पुन्हा लागला. आई म्हणाली, "अरे, माझ्या वजनाने दिवे लागतात होय!"

सीट काढली. मागच्या दिव्याकडे जाणारं वायरिंग मडगार्डच्या कडेने, क्लिपमधून जायला हवं. ते मधून, सरळ आडवं टाकलेलं होतं आणि सीटचा तळ ते मडगार्डच्या एका बोल्टाच्या डोक्यावर दाबत होता. मी एकटा बसलो की वजन पुढे. मागे कुणी बसलं की सगळा दाब त्या बोल्टावर. हिरवी-पिवळी वायर तिथे चपटी होऊन फाटली होती. या वायरीत ब्रेक दाबल्यावरच करंट येतो, म्हणून बाकी वेळ ती चासीला टेकली तरी काही होत नव्हतं. मागे माणूस आणि वर ब्रेक, दोन्ही जुळलं तरच फ्यूज जायचा.

फाटलेला तुकडा कापला, नवी वायर जोडली, वायरिंग मूळ वाटेने क्लिपमधून नेलं. मानेपाशी पट्टीच्या जागी रबराच्या नळीचा तुकडा आणि प्लास्टिकची टाय लावली. तेव्हापासून एकही फ्यूज उडालेला नाही.

जोड कसा द्यायचा

वायर सोलून दोन टोकं पिळायची आणि वरून काळी टेप. सगळीकडे हेच चालतं आणि पुढच्या वर्षीच्या दोषाची पेरणी तिथेच होते. उन्हाने टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, पाणी शिरतं. तांब्यावर आधी काळपट थर येतो, मग हिरवा. काळी पडलेली तार सोल्डर धरत नाही. म्हणून जोड देताना मागे मागे कापत जा, लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत. नाही दिसलं तर ती वायर पूर्ण बदला.

घरातल्या वायरिंगची वायर वापरू नका. एकाच जाड तारेची वायर थरथरीने तुटते. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात बारीक धाग्यांची लवचीक वायर मिळते. दिव्यांसाठी ०.७५ स्क्वेअर एमएम पुरते, बॅटरीच्या मुख्य वायरीला १ किंवा १.५ घ्या. जोडाला थिंबल किंवा बुलेट पिन (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) लावून पक्कडीने नीट दाबा, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. स्लीव्ह आधी वायरीत ओवून ठेवा, जोड झाल्यावर ती घालता येत नाही. सोल्डर करणार असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर कुठेतरी बांधा, कारण सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते.

फ्यूज उडत नाही, पण दिवे विचित्र वागतात

हा बहुधा अर्थिंगचा दोष. ओळख सोपी आहे. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो, किंवा इंडिकेटर लावला की त्याच्यासोबत मागचा दिवाही लुकलुकतो. करंटला परत जायला अर्थिंगची वायर मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. इंडिकेटर, फ्लॅशर, बल्ब बदलून काही होत नाही. मागच्या दिव्याची हिरवी वायर आणि चासीला अर्थिंग जिथे बोल्टाने लागते ती जागा बघा. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने रंग आणि गंज घासून लोखंड दिसू द्या, थिंबल घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

मीटर असेल तर अर्थिंग मोजता येते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ बोल्टाला, आणि हॉर्न दाबा. ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तेवढे व्होल्ट गंज खातोय. तशीच तपासणी प्लसची करता येते, बॅटरीच्या प्लसपासून हॉर्नच्या प्लसपर्यंत. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांना हा अर्धा व्होल्ट दुपटीने भोवतो.

हेडलाइटचे बल्ब वारंवार जात असतील तर आरआर युनिटकडे (व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या डबीकडे) बघा, पण त्याआधी त्या युनिटच्या हिरव्या वायरीकडे. तिची अर्थिंग सैल असेल तर युनिट चांगलं असूनही रेस दिल्यावर व्होल्टेज चढतं आणि बल्ब जातो. चार्जिंग बघायचं तर बॅटरीवर मीटर लावा. पूर्ण भरलेली, रात्रभर विसावलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२ दाखवली तर जवळजवळ रिकामी आहे. रेस दिल्यावर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. जागचा हलला नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर युनिट किंवा त्याची अर्थिंग गेलेली.

पावसात इंजिन बंद पडतं, वाळल्यावर चालू होतं

आता ती काळी-पांढरी वायर. या गाड्यांत किल्ली बंद केली की ही वायर अर्थिंगला जोडली जाते आणि सीडीआय स्पार्क देणं थांबवतो. किल्लीच्या लॉकमध्ये पाणी शिरलं, किंवा ही वायर कुठे घासून चासीला टेकली, की सीडीआयला वाटतं तुम्ही गाडी बंद केलीत. स्पार्क गायब. लोक सीडीआय बदलतात, एचटी कॉइल (प्लगला मोठं व्होल्टेज देणारी) बदलतात, पल्सर कॉइल (स्पार्कची वेळ सांगणारी) बदलतात. तेवढ्यात लॉक वाळतं, गाडी चालू होते आणि श्रेय नव्या सीडीआयला जातं.

तपासायचं तर गाडी अशी बंद पडलेली असतानाच सीडीआयकडची काळी-पांढरी वायर कप्लरपाशी सोडवा आणि किक मारा. चालू झाली तर सीडीआय निर्दोष आहे, दोष लॉकमध्ये किंवा त्या वायरीत. लक्षात ठेवा, ही वायर सुटलेली असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही. वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. कामचलाऊ म्हणून घरापर्यंत असं जाता येतं, कायम ठेवू नका. वायर सोडवूनही स्पार्क नसेल तर मग प्लगची कॅप, एचटी कॉइल, मॅग्नेटच्या कॉइल असं क्रमाने बघा. स्पार्क बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड इंजिनला टेकवूनच किक मारा. कॅप मोकळी सोडून किक मारली तर सीडीआय आणि कॉइल दोघांना धोका.

गाडी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याची सवय असेल तर हेडलाइट, किल्लीचं लॉक आणि साइड कव्हर यांवर फवारा मारू देऊ नका. सर्व्हिसिंगहून परत आल्यावर सुरू झालेले कितीतरी दोष तिथूनच आलेले असतात. शेतावर किंवा पडवीत गाडी लागत असेल तर पावसाळ्यात उंदीरही बघा. सीटखाली गवताची काडी दिसली तरी वायरिंग हाताने चाचपून घ्या.

पूर्ण वायरिंग बदला, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. मला तो दोन वेळा मिळाला. टेप कापल्यावर सगळीकडे तांबं काळं निघालं, स्लीव्ह वाकवली की तडकते, कप्लरमधल्या पिना हिरव्या पडून तुटतात, तर बदला, तेव्हा दुसरा इलाज नसतो. पण मधल्या भागात स्लीव्ह मऊ आहे आणि तांबं लालसर आहे, तर मूळ वायरिंग ठेवा. बाजारातल्या स्वस्त वायरिंगची तार अनेकदा मूळ तारेपेक्षा बारीक असते आणि कप्लर नीट बसत नाहीत. आमचं मूळ वायरिंग अजून तेच आहे. तपासणीचा तो बल्ब क्लिपांसकट गाडीच्या साइड कव्हरमागे एका डबीत असतो, शेजारी दोन नवे फ्यूज. फ्यूज लागले नाहीत, बल्ब मात्र वाडीतल्या तिघांनी नेऊन आणला.